झेरॉक्सवर खाडाखोड: ‘८.८.८.८ टाका आणि कुलूप लावा’ या सल्ल्याचा समाचार

लिनक्सच्या एखाद्या ग्रुपवर तुम्ही असाल, तर हा मेसेज तुमच्याकडे एकदा तरी येऊन गेला असेल. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर तोच:

‘व्हीएमवर नेट चालत नाही? स्लो आहे? क्लाउडवाल्यांचा डीएनएस भंगार असतो. इटीसीमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडा, आत असेल ते उडवा. पहिल्या ओळीत ८.८.८.८ टाका, दुसऱ्या ओळीत कंपनीचा जुना डीएनएस. रीबूटनंतर पुसलं जातं? मग लिंक डिलीट करा, साधी फाइल बनवा आणि सीएचॅटर प्लस-आय मारून कुलूप लावा. पहिल्याला सापडलं नाही तर दुसऱ्याला विचारेल. स्पीड डबल, गूगल-क्लाउडफ्लेअर कधी पडत नाहीत, प्रोव्हायडरला काही दिसत नाही. डिग मारून बघा, उत्तर आलं की काम फत्ते.’

नवख्यांसाठी एका दमात: व्हीएम म्हणजे दुसऱ्या मशीनच्या पोटात चालणारं आभासी मशीन, डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ म्हणजे नावं कुणाला विचारायची याची यादी, ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, सीएचॅटर ही फाइलीवर खुणा लावणारी कमांड आणि डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी. गोम अशी आहे की हा इलाज लागू पडतो. निदान त्या दिवशी तरी पडतो. सल्ला देणारा खूश, घेणारा खूश, आणि मेसेज पुढच्या ग्रुपवर रवाना. बिल नंतर येतं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर येतं.

माझ्या नावावर ते एका पावसाळी रात्री पावणेबाराला आलं. एका क्लायंटकडच्या पोराचा फोन. ‘दादा, नवीन व्हीएम डेटाबेसला कनेक्टच होत नाहीये. पासवर्ड तोच आहे, कोड तोच आहे, जुन्या मशीनवरून चालतंय.’ मशीन मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या सेंट्रल इंडिया रीजनमध्ये, म्हणजे आपल्या पुण्यातच. पुढचे दोन तास आम्ही फायरवॉलचे नियम पाहिले, पासवर्ड पुन्हा टाकला, सर्टिफिकेटच्या तारखा तपासल्या. ती गोष्ट पुढे येईलच. आधी मेसेज हातात घेऊ.

‘डीएनएस रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये सेट करायचा असतो’

एकेकाळी असायचा. आज उबुंटूच्या कुठल्याही चालू आवृत्तीवर एलएस उणे-एल मारून पाहा, त्या नावापुढे बाण दिसेल. ती फाइल नाहीच, लिंक आहे. ‘रन’ डिरेक्टरीत सिस्टमडीच्या ‘रिझॉल्व्ह’ फोल्डरमधल्या स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फकडे जाणारी. रन असते मेमरीत, डिस्कवर नाही, त्यामुळे मशीन बंद झालं की तिथलं सगळं गेलं. फाइल उघडली तर पहिल्याच काही ओळींत बजावून ठेवलेलं असतं की ही सिस्टमडी-रिझॉल्व्हडी सांभाळते, हिच्यात बदल करू नका. आत सर्व्हर एकच दिसतो, १२७.०.०.५३. तो पत्ता याच मशीनवर बसलेल्या रिझॉल्व्हडीचा, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमना नावं शोधून देणाऱ्या सेवेचा. रेड हॅटच्या घराण्यात लिंक नसते, पण वर ‘जनरेटेड बाय नेटवर्कमॅनेजर’ अशी ओळ असते. ती ओळ वाचून तिच्याच खाली टाइप करणारे लोक मी पाहिलेत. त्यांत एकदा मीही होतो.

सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन तिच्यावर पेनाने शेजाऱ्याचं नाव खोडलं आणि आपलं लिहिलं, तर जमीन आपली होत नाही. फेरफार तलाठ्याकडे घालावा लागतो. तिथे नोंद बदलली की नवा उतारा आपोआप बरोबर निघतो. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ हा असाच उतारा आहे. नोंद वेगळ्याच दप्तरात असते.

व्हीएमच्या बाबतीत ते दप्तर बऱ्याचदा व्हीएमच्या बाहेर असतं, आणि मेसेजात नेमकं हेच सुटलंय. मशीन उठतं, डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागतं, आणि पत्त्याबरोबर ‘नावं कुणाला विचारायची’ हेही पदरात पडतं. लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट (लॅपटॉपच्याच पत्त्याआडून बाहेर जायची सोय) लावलं असेल तर तो पत्ता असतो १०.०.२.३. केव्हीएमवर लिबव्हर्टचं डीफॉल्ट नेटवर्क असेल तर १९२.१६८.१२२.१, आणि त्यामागे होस्टवर, म्हणजे व्हीएमला पोटात घेणाऱ्या मशीनवर, चालणारा डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर. अझूरवर १६८.६३.१२९.१६. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर १६९.२५४.१६९.२५३, किंवा व्हीपीसीच्या (तिथल्या तुमच्या खासगी नेटवर्कच्या) मूळ पत्त्यात २ मिळवून येतो तो, म्हणजे १०.०.०.० असेल तर १०.०.०.२. गूगल क्लाउडवर १६९.२५४.१६९.२५४. क्लाउडवर काम करणाऱ्याने हे पत्ते आपल्या वहीत लिहून ठेवावेत. व्हीएमवर अनोळखी पत्ता दिसला म्हणून ‘हा कुठला भंगार सर्व्हर’ असं म्हणून तो उडवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आपल्याच क्लाउडच्या चौकशीच्या खिडकीला टाळं लावलेलं असतं.

मग हाताने केलेला बदल तेव्हा चालतो कसा? बहुतेक लिनक्स प्रोग्रॅम जिच्यामार्फत नावं विचारतात ती जीलिबसी ही लायब्ररी २.२६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, फाइल बदलली की ती स्वतःहून पुन्हा वाचते. तुम्ही सेव्ह केलं, पुढच्याच क्षणी पिंग चाललं. पुढे कधीतरी नेटवर्क खालीवर होतं, लीज (डीएचसीपीने दिलेल्या पत्त्याची मुदत) नवी होते, मशीन रीबूट होतं, आणि ज्याची फाइल आहे तो ती पुन्हा आपल्या नोंदीप्रमाणे लिहून टाकतो. याला लोक ‘उबुंटू माझी सेटिंग खातं’ म्हणतात.

फेडोरावर तर आणखी मजा. तिथे ३३व्या आवृत्तीपासून रिझॉल्व्हडी डीफॉल्ट आहे आणि बहुतेक प्रोग्रॅम नावं विचारताना रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ न वाचता थेट त्याच्याकडे जातात. तुम्ही लिंक काढून साधी फाइल ठेवलीत, तर रिझॉल्व्हडी ती वाचतो जरूर, पण ‘हेही सर्व्हर आहेत वाटतं’ अशा बेताने. डीएचसीपीने इंटरफेसला (नेटवर्क कार्डाला) दिलेले सर्व्हर त्याच्या यादीत राहतातच, आणि प्रश्न दोन्हीकडे जातात. तुम्हाला वाटतं फक्त ८.८.८.८ चालू आहे.

बदल करायचाच असेल तर दप्तरात करा. एकाच व्हीएमपुरता हवा असेल, तर उबुंटूवर नेटप्लॅन, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगचं तिथलं दप्तर. क्लाउड-इनिटने (व्हीएम पहिल्यांदा उठताना सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रॅमने) बनवलेल्या ५० क्रमांकाच्या फाइलला हात न लावता ९९ने सुरू होणारी आपली फाइल ठेवा, इंटरफेसचं नाव लिहा, ‘नेमसर्व्हर्स’खाली पत्ते द्या. इथवर बहुतेकजण येतात आणि इथेच थांबतात, मग ‘जुना सर्व्हर अजून दिसतोय’ म्हणून ओरडतात. दिसणारच. डीएचसीपीचे सर्व्हर आणि तुमचे सर्व्हर एकत्र होतात. फक्त आपलेच हवे असतील तर ‘डीएचसीपी४-ओव्हरराइड्स’खाली ‘यूज-डीएनएस’ला ‘फॉल्स’ करावं लागतं. मग ‘नेटप्लॅन ट्राय’ चालवा, ‘अप्लाय’ नको. ट्राय १२० सेकंद वाट पाहतं. तुम्ही एंटर दाबलं नाहीत तर जुनी सेटिंग परत लावतं. दूरच्या मशीनवर एसएसएचने बसलेल्या माणसासाठी याहून मोठा आधार नाही. रेड हॅटकडे हेच काम नेटवर्कमॅनेजरची कमांड एनएमसीएलआय करते: कनेक्शनच्या ‘आयपीव्ही४ डॉट डीएनएस’मध्ये पत्ते, ‘इग्नोर-ऑटो-डीएनएस’ला ‘येस’, आणि कनेक्शन पुन्हा ‘अप’.

सगळ्या ताफ्यालाच वेगळा डीएनएस हवा असेल तर व्हीएमच्या आत शिरूच नका. अझूरवर व्हर्च्युअल नेटवर्कच्या ‘डीएनएस सर्व्हर्स’मध्ये ‘कस्टम’ निवडून पत्ते द्या. नेटवर्क कार्डवरही ते देता येतात, आणि दोन्हीकडे दिले तर कार्डचे चालतात. त्यानंतर व्हीएम रीस्टार्ट करायचं किंवा डीएचसीपीची लीज नव्याने घ्यायची, नाहीतर जुनंच चालू राहतं. एडब्ल्यूएसवर डीएचसीपी ऑप्शन सेट असतो. बनवलेला सेट बदलता येत नाही, नवा बनवून व्हीपीसीला जोडायचा.

‘लिंक उडवा आणि कुलूप लावा’

या सल्ल्यातला ‘लिंक उडवा’ हा भाग कुठून आला तेही सांगतो. लिंकवर थेट प्लस-आय मारायला गेलं की ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ असा एरर येतो. तिथे थांबून विचार करायची संधी होती. पण कुणीतरी उत्तर शोधलं की लिंकच नको.

प्लस-आय म्हणजे फाइल अचल. रूटलाही बदलता येत नाही, पुसता येत नाही, नाव बदलता येत नाही. आता आमच्या त्या रात्रीकडे येऊ. दीडच्या सुमाराला मी पोराला म्हटलं, ‘पासवर्ड सोड. गेटएंट होस्ट्स मारून डेटाबेसच्या नावाचा पत्ता काय येतो ते वाच.’ त्याने वाचला. तो १०ने सुरू व्हायला हवा होता, कारण डेटाबेस प्रायव्हेट एंडपॉइंटच्या, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कमधून उघडणाऱ्या दाराच्या, मागे होता. आला सरळसरळ सार्वजनिक पत्ता.

अझूरची मांडणी अशी की त्या डेटाबेसचं नाव जगात कुठूनही विचारा, काहीतरी उत्तर मिळतंच. नेटवर्कच्या आतून १६८.६३.१२९.१६ला विचारलं तर जोडलेल्या प्रायव्हेट झोनमधून (नावं-पत्त्यांच्या आतल्या यादीतून) आतला पत्ता येतो. बाहेरच्या ८.८.८.८ला विचारलं तर बाहेरचा येतो, कारण तुमचा प्रायव्हेट झोन त्याला दिसतच नाही. बाहेरचं दार क्लायंटने शहाणपणाने बंद ठेवलं होतं. म्हणजे नाव सापडत होतं, पत्ता मिळत होता, पण त्या दारावर टकटक केली की हाकलून देत होते. ‘नाव सापडलं नाही’ असा एरर आला असता तर दोन मिनिटांत डीएनएस आठवला असता. आम्हाला येत होता कनेक्शन नाकारल्याचा, म्हणून आम्ही फायरवॉल खणत बसलो.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडली. पहिल्या ओळीत ८.८.८.८. ‘पुसून टाक,’ म्हटलं. तो म्हणाला, ‘दादा, परमिशन नाही म्हणतंय.’ सुडो? सुडोनेही तेच. रूट होऊन? ‘ऑपरेशन नॉट परमिटेड.’ एलएसमध्ये मालक रूट, परवानगी लिहायची, सगळं नेहमीसारखं. कुलूप एलएसमध्ये दिसत नाही, ते एलएसॅटरमध्ये दिसतं. मारलं, आणि उणेंच्या रांगेत एकटा ‘आय’ उभा होता.

कुणी लावला? वर्षभरापूर्वी कुणीतरी, वेगळ्याच एका मशीनवर, भल्या हेतूने, दुसऱ्याच अडचणीपायी. त्या मशीनची इमेज (सबंध डिस्कची प्रत) काढली गेली, त्या इमेजवरून नवं मशीन झालं, आणि कुलूप इमेजबरोबर आलं. जुनं मशीन का चालत होतं, तर ते कुलपाच्या आधीचं होतं. कुलूप लावणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेला होता. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याने मेसेजात लिहिलं तसंच केलं होतं.

कुलपाचा हा खरा त्रास आहे. ते आजच्या नेटवर्कला धरून बसतं, आणि व्हीएम ही चीज तर उचलून दुसरीकडे ठेवण्यासाठीच जन्माला आलेली असते. क्लोन, स्नॅपशॉट, दुसरा रीजन, डीआर ड्रिल (आपत्तीची रंगीत तालीम), सगळीकडे हे कुलूप सोबत जाणार. व्हीपीएन क्लायंटला आपला सर्व्हर जोडता येत नाही. नेटवर्कमॅनेजर लॉगमध्ये कुरकुरतो, पण तो लॉग कोण वाचतो?

‘पहिल्याला सापडलं नाही तर दुसऱ्याला विचारेल’

मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते पटतं. आपण माणसं तसंच करतो: नाक्यावरच्या पानवाल्याला माहीत नसेल तर पुढच्या रिक्षावाल्याला विचारतो. रिझॉल्व्हर तसा वागत नाही.

‘असं नाव नाही’, म्हणजे एनएक्सडोमेन, हे त्याच्या दृष्टीने पूर्ण उत्तर आहे. ८.८.८.८ला तुम्ही कंपनीच्या आतल्या सर्व्हरचं नाव विचारलंत, तो प्रामाणिकपणे म्हणाला ‘नाही’, विषय संपला. दुसऱ्या ओळीतला कंपनीचा डीएनएस तसाच बसून. दुसऱ्याकडे जीलिबसी जाते ती पहिला बोललाच नाही किंवा ‘मला जमलं नाही’ म्हणाला तर. बोलला नाही हे ठरवायला ती ५ सेकंद थांबते, आणि सगळ्या यादीच्या अशा २ फेऱ्या मारते. कंपनीच्या फायरवॉलने बाहेरचं ५३ पोर्ट, म्हणजे डीएनएसचं दार, बंद केलं असेल, आणि कित्येक ठिकाणी ते असतंच, तर पहिला सर्व्हर कायमचा मुका. मग प्रत्येक नव्या नावाला ५ सेकंदांची दांडी. पहिला मेलाय हे जीलिबसी पुढच्या प्रोग्रॅमसाठी लक्षात ठेवत नाही, तो पुन्हा पहिल्यापासून. ‘लिनक्स स्लो झालंय’ ही तक्रार कितीदा या ५ सेकंदांची असते, काय सांगावं. आणि हो, यादीत तीनच सर्व्हर चालतात. चौथा लिहिलात तर एरर येत नाही, तो नुसता दुर्लक्षिला जातो.

रिझॉल्व्हडीचा स्वभाव निराळा. त्याच्या लेखी यादीतले सगळे सर्व्हर एका दर्जाचे, पहिला-दुसरा असं काही नाही. चालू सर्व्हर अडखळला की तो पुढच्याकडे जातो, आणि तो चालतोय तोवर तिथेच राहतो. परत ‘मुख्य’ सर्व्हरकडे यायचं त्याच्या मनातही नसतं. म्हणजे कंपनीचा पहिला आणि गूगलचा दुसरा असं उलटं लिहून पाहिलंत, तरी एखाद्या मंगळवारी दुपारी कंपनीचा सर्व्हर दोन सेकंद गांगरतो, रिझॉल्व्हडी गूगलकडे सरकतो, आणि आतली सगळी नावं गायब होतात. रीस्टार्ट केलं की ठीक. ‘मधूनच होतं, रीस्टार्टने जातं’ अशा तिकिटांवर माझा पहिला संशय इथेच असतो. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये ‘करंट डीएनएस सर्व्हर’ अशी ओळ असते, तेवढी वाचायची.

अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये जीलिबसी नसून मसल ही लायब्ररी असते, आणि ती तिसऱ्याच तऱ्हेची. ती सगळ्या सर्व्हरना एकदमच विचारते. ज्याचं ठोस उत्तर आधी येईल ते घेते, मग ते ‘नाही’ असलं तरी. गूगल आधी बोलला तर आतलं नाव नाही, कंपनी आधी बोलली तर आहे. लॉटरीच.

म्हणून नियम सोपा: एका यादीतले सगळे सर्व्हर एकाच प्रश्नाला एकच उत्तर देणारे हवेत. आतला एक आणि बाहेरचा एक अशी जोडी लावायची नसते.

मग दोन्ही हवं असेल तर? गरज रास्त आहे. आतली नावं कंपनीकडून, बाकीची दुसरीकडून. रिझॉल्व्हडीमध्ये त्याची सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. इंटरफेसला कंपनीचा सर्व्हर द्या आणि त्याच्या ‘डोमेन्स’मध्ये कंपनीचं डोमेन लिहा, आधी टिल्डचं चिन्ह लावून. त्या टिल्डचा अर्थ असा की या डोमेनचे प्रश्न याच सर्व्हरकडे जातील. बाकीचे दुसऱ्या सर्व्हरकडे जावेत असं वाटत असेल तर तिकडे टिल्ड आणि नुसता टिंब. प्रश्न कुणाकडे जाणार हे आधीच ठरतं, ‘याला नाही तर त्याला’ हा खेळच उरत नाही. क्लाउडवर स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवत असाल तर ही फाटाफूट त्या सर्व्हरवर करा: कंपनीचं डोमेन कंपनीकडे, आणि उरलेलं क्लाउडच्या रिझॉल्व्हरकडे. अझूरवर तो १६८.६३.१२९.१६, आणि तो नेटवर्कच्या आतूनच पोचतो, ऑफिसातल्या सर्व्हरवरून त्याला विचारायला जाऊ नका.

‘स्पीड डबल’

नाही होत. नाव विचारणं हे काही मिलिसेकंदांचं काम, डाउनलोडचा वेग त्याच्याशी बांधलेला नाही. शिवाय क्लाउडमधल्या व्हीएमसाठी क्लाउडचा रिझॉल्व्हर शेजारच्या खोलीत बसलेला असतो. त्याला सोडून बाहेर जाणं म्हणजे घरात फिल्टर असताना बिसलेरी आणायला जाणं. डिगच्या उत्तराखाली ‘क्वेरी टाइम’ येतो, दोघांचा स्वतः मोजून पाहा, माझं ऐकू नका.

वेग खरंच अडत असेल तर कारणं वेगळी असतात. एडब्ल्यूएसवर एका नेटवर्क कार्डमागे सेकंदाला १०२४ पॅकेट एवढीच डीएनएसची मर्यादा आहे. एकच नाव हजारदा विचारणारा कोड तिथे आपटतो. त्यावर उपाय मशीनवर कॅशे, म्हणजे आधीच्या उत्तरांची आठवण, ठेवण्याचा. ती रिझॉल्व्हडीत फुकट मिळते, आणि लिंक उडवणारे नेमकी तीच गमावतात. दुसरं नेहमीचं कारण, सुडो मारलं की दोन-चार सेकंद अडकतं आणि ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ म्हणतं. तिथे मशीनचं नाव बदललेलं असतं आणि होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरच्या नावं-पत्त्यांच्या साध्या यादीत) ते घालायचं राहिलेलं असतं. एक ओळ घाला, गूगलला मध्ये आणू नका.

‘गूगल-क्लाउडफ्लेअर कधी पडत नाहीत’

१४ जुलै २०२५ला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आतल्या एका कॉन्फिगरेशनच्या चुकीमुळे जगभर बंद पडला, ६२ मिनिटं. आपल्याकडे १५ तारखेची पहाट होती, ३ वाजून २२ मिनिटं, म्हणून फारसं कुणाला कळलं नाही. ‘सेकंडरी’ म्हणून लोक लिहितात तो १.०.०.१ही त्याच्याबरोबरच गेला. एकाच घरचे दोन पत्ते म्हणजे दोन घरं नव्हेत.

उलटही खरं. २० ऑक्टोबर २०२५ला एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये डायनामोडीबी या डेटाबेस सेवेच्या नावाची मूळ नोंदच रिकामी झाली होती. त्या दिवशीही ‘८.८.८.८ टाका’ असं सांगणारे भेटले. मुळात नोंदच नसेल तर कुणालाही विचारा.

‘प्रोव्हायडरला काही दिसत नाही’

साधा डीएनएस ५३ पोर्टवर उघडा जातो, पोस्टकार्डासारखा. पत्ता गूगलचा लिहिला म्हणून वाटेतल्या पोस्टमनला वाचता येत नाही असं नाही. मनात आणलं तर तो मध्येच उत्तरही देऊ शकतो. पाकीट हवं असेल तर डीएनएस ओव्हर टीएलएस, ८५३ पोर्टवर. रिझॉल्व्हडीच्या कॉन्फिगमध्ये एका ओळीने चालू होतं. त्यानंतरही तुम्ही ज्या साइटशी बोलता तिचं नाव टीएलएसच्या पहिल्या पॅकेटमध्ये बहुधा उघडंच असतं.

आणि व्हीएमवर ही काळजी उलटी आहे. कंपनीच्या आतल्या सर्व्हरांची नावं, पेरोलचा डेटाबेस कुठला, टेस्टिंगचं मशीन कुठलं, हे सगळं आतल्या आत राहिलं असतं. मेसेज पाळलात तर त्या नावांची यादी रोज गूगलला विचारली जाते. गुप्ततेच्या नावाखाली!

‘डिग मारून बघा’

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा मी रोज वापरतो. डिगला ॲट लावून ८.८.८.८ असा सर्व्हर दिला की एकही फाइल न बदलता त्याला विचारता येतं. त्याचं उत्तर येतंय आणि आपल्या रिझॉल्व्हरचं येत नाही, म्हणजे बिघाड आपल्या रिझॉल्व्हरकडे. दोन्हीकडून येत नाही, म्हणजे दुखणं भलतीकडेच. निदान म्हणून उत्तम. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये शिकायचं मशीन असेल, होस्टचं वायफाय बदललं आणि नॅट जुनाच सर्व्हर धरून बसला असेल, तर त्या मशीनवर ८.८.८.८ घालून पुढे जा, काही बिघडत नाही. नेटप्लॅनमधून घाला म्हणजे झालं.

पण डिगचं उत्तर आलं म्हणजे प्रोग्रॅमलाही तेच मिळतं, हे गृहीत धरू नका. डिग होस्ट्स फाइल पाहत नाही, एनएसस्विचचा (नाव आधी कुठे शोधायचं ते ठरवणाऱ्या फाइलचा) क्रम पाळत नाही. तुमचं ॲप्लिकेशन बहुधा दोन्ही करतं. ॲपला काय दिसतंय ते गेटएंट सांगतं. त्या रात्री पोराने सुरुवातीलाच डिग मारला होता, उत्तर आलं होतं, आणि ‘डीएनएस ओके’ असं त्याने तिकिटात लिहूनही ठेवलं होतं. पत्ता कुठला आला हे वाचायचं राहून गेलं.

तुमच्याकडे हे कुलूप आधीच लागलेलं असेल, तर उतरवायचा क्रम असा. एलएसॅटरने ‘आय’ आहे का ते पाहा. सीएचॅटर उणे-आय. फाइल काढा. उबुंटूवर स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फकडे लिंक पुन्हा बांधा. स्टब (मधला १२७.०.०.५३) नको असेल तर त्याच फोल्डरमधल्या, खऱ्या सर्व्हरांची यादी असलेल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फकडे बांधली तरी चालते, तीही अधिकृत वाट आहे. रिझॉल्व्हडी रीस्टार्ट करा, रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस वाचा, आणि आतल्या एका नावावर गेटएंट मारून पत्ता डोळ्यांनी पाहा. आमच्याकडे दोन वाजून दहा मिनिटांनी तो १०ने सुरू झाला आणि ॲप लगेच जोडलं गेलं.

त्यानंतर इमेज नव्याने काढा. आम्ही ते सकाळवर ढकललं, आणि सकाळी ऑटोस्केलने जुन्या इमेजवरून आणखी तीन मशीनं उभी केली होती.